शेजारणीचा बिल्ला

हिंगण्याच्या कारखान्यात मी सात वर्षं तार गुंडाळली. रेडिओत बसणारी कॉइल बोटाच्या पेराएवढी, तिच्यावर केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घालायचे. ऐंशीच्या दशकात परदेशातून तयार कॉइली येऊ लागल्या. साहेबांनी त्यातली एक आम्हाला दाखवली. आमच्यापेक्षा स्वस्त होती आणि, सांगायला राग येतो, आमच्यापेक्षा सुबकही होती. थोड्याच महिन्यांत कारखान्याची वीज तोडली गेली.

सरकारनं मात्र आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाही. तीन महिने अर्धा पगार, मग सरकारी केंद्रात नवं काम शिकायला जागा. मधेच कुणी वारलं तर ती जागा घरातल्या एकाला. अट एकच, रोज पाळीच्या वेळेला कारखान्यात हजर व्हायचं. एक खाडा झाला की नाव कापलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे तर थांबणं हेच काम होतं.

सकाळी आठला वॉचमनकाका लोखंडी रुळाच्या तुकड्यावर ठोका देत. त्याआधी दारातल्या फळीवरचा आपल्या नंबरचा पितळी बिल्ला ‘हजर’च्या बाजूला अडकवायचा आणि बंद मशीनसमोर जाऊन बसायचं. पहिल्या आठवड्यात खूप गप्पा झाल्या. मग त्या संपल्या. एके दुपारी मी सहज मान वर केली, तर सगळ्या जणींचे हात चालले होते. डावा हात धरलेला, उजवा गोल गोल फिरतोय. तार नाही, कॉइल नाही, आणि ओठ वेढे मोजताहेत. खाली पाहिलं तर माझाही हात फिरत होता.

माझं मशीन भिंतीकडचं, रांगेतलं शेवटचं. शेजारीण एकच, मावशी. ती कळमेश्वरहून दोन बसा बदलून यायची. नवरा नव्हता, घरी एक तरुण मुलगी. जिची बस चुकली तिचा बिल्ला मशीनच्या शेजारणीनं अडकवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. बाई धापा टाकत येईपर्यंत मुकादम दुसरीकडे बघायचा. ‘माह्या बिल्ल्याकडे ध्यान ठेव वं,’ मावशी म्हणायची, ‘तुह्या बिल्ल्याचं मी पाहीन.’

एका शनिवारी मावशी वेळेवर आली नाही. मी तिचा बिल्ला अडकवला. ती दिवसभर आली नाही, आणि तो काढायचा मला धीर झाला नाही. संध्याकाळी हजेरी सरकारी कचेरीत गेली. सोमवारी तिची मुलगी फाटकाशी उभी होती. मावशी शुक्रवारी रात्रीच गेली होती.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! कचेरीतला बाबू त्या पोरीला म्हणाला, ‘दाखल्यात शुक्रवारी मेली, अन् वहीत शनिवारी हजर? मेलेली बाई कामावर येते काय?’ तिचे कागद तिथेच अडकले. माझ्या एका शब्दानं ते सुटले असते. पण खरं सांगितलं तर माझं नाव कापलं जाणार, आणि घरी माझ्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं. आठ दिवस मी मूग गिळून बसले. मला स्वतःची लाज वाटत होती. त्या दिवसांत एक गोष्ट नजरेत भरली. नाव कापलं गेलेल्या बायकांच्या रिकाम्या स्टुलांवर धूळ साचायची. मावशीच्या स्टुलावर साचत नव्हती.

नवव्या दिवशी मी कचेरीत जाऊन सगळं ओकले. अधिकारी बराच वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले, ‘मुलीला जागा मिळेल. तुमची एक चूक मी पोटात घालतो. यापुढे एक जरी खाडा झाला, तर माझ्या हातात काही राहणार नाही.’

तीन महिने संपायला तीनच दिवस उरले असताना मला हिवताप भरला. दोन दिवस उठताच आलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले ती फक्त मशीनच्या खणातला डबा आणायला. आशा सोडूनच गेले होते. फळीशेजारी केंद्रात जागा मिळालेल्यांची यादी लावली होती. तीत माझं नाव होतं. हजेरी पूर्ण.

मी एकेकीला विचारलं, ‘माहा बिल्ला कोणं लावला वं?’ सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. वॉचमनकाका म्हणाले, ‘काहून विचारून राहिली? दोन्ही दिवस मी फाटक उघडलं तवा लागलेलाच होता.’

मी आत गेले. सगळ्या बायका हात फिरवत बसल्या होत्या. मावशीच्या स्टुलावर मी तळवा ठेवला. स्टूल स्वच्छ होतं, आणि किंचित कोमट. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा रडू जास्त आलं.

‘आता येऊ नको वं मावशी,’ मी हळूच म्हटलं. ‘पोरीले जागा भेटली. मलेही भेटली.’