अज्जीच्या हाताचे माप

चैत्र सरत आला की म्हैसूरच्या संध्याकाळी मल्लिगेच्या वासाने सुरू होतात. मल्लिगे म्हणजे इथला मोगरा. कळी लहान, पण वास गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. आमच्या अग्रहार पेठेच्या चौकात गुलमोहराखाली एक शहाळीवाला आणि त्याच्या शेजारी एक फुलवाली अज्जी, अशी जोडी माझ्या लग्नाच्याही आधीपासून बसत आली आहे. दिवसभर ती दोघे एकमेकांना टोमणे मारतात, आणि एकाला यायला उशीर झाला तर दुसऱ्याचे लक्ष धंद्यात लागत नाही.

इथे फुले मोळावर विकतात. मोळ म्हणजे विकणारीच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. साहजिकच जिचा हात लांब, तिच्याकडे गर्दी. अज्जी उंच, हाडापेराने मोठी. तिच्याइतका लांब मोळ साऱ्या पेठेत कोणाचा नव्हता. आमच्या घरातल्या बायका जवळची फुलवाली सोडून उन्हातून तिच्याकडेच जात. आमचे पूर्वज कापड रंगवून हातावर मोजून देणारे. हाताने दिलेल्या मापाला इभ्रत असते, हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर अज्जीला अर्धांगाचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. टोपलीशी सून बसू लागली. सून चपळ, हसतमुख. पण हात आखूड.

“हा मोळ आहे की वीत?” शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारले. “तुझ्या सासूचा मोळ दे बाई!”

“वरून जास्तच घालते ना, अम्मा. हे बघा.”

ती खरेच जास्त घालत होती. पण बोटाच्या टोकापुढे अंदाजाने सोडलेला तो दोरा उदारपणा न वाटता लपवाछपवी वाटे. हळूहळू गिऱ्हाईक देवळापाशी बसणारीकडे वळले. संध्याकाळ उलटेपर्यंत तिच्या टोपलीत कळ्यांची फुले होऊन जात, आणि उमललेली मल्लिगे कोणी घेत नाही.

एकदा आम्ही दोघे गेलो असताना ती माझ्या पत्नीला म्हणाली, “हा चौक सुटला तर मला लोकांच्या घरी कामाला जावं लागेल. मग अज्जीकडे कोण बघणार? दीर म्हणतात, सरगूरला पाठव, शेतावर राहील. ती काल जेवलीच नाही. म्हणते, तिथं मला हाक मारणारं कोण आहे?”

मी मान हलवली. काहीतरी बोलावे असे फार वाटले. शब्द जुळेपर्यंत आम्ही घरी पोहोचलो होतो. या मान हलवण्यालाच मी आजवर सभ्यपणा समजत आलो. आता तशी खात्री वाटत नाही.

पुढच्याच आठवड्यात चौकात एक रिक्षा थांबली. शहाळीवाला कोयता टाकून धावला. त्याने आणि सुनेने अज्जीला उतरवून त्याच्याच खुर्चीत बसवले. तो स्वतः शहाळ्यांच्या ढिगावर टेकला. सुनेने खुर्चीच्या हातांवर आडवी फळी ठेवली, त्या फळीवर अज्जीचा उजवा हात निजवला, आणि दोऱ्याचे टोक तिच्या कोपराला लावून माळ त्या हातावरून ओढत नेली. मापाला हात हवा होता. तो हलायलाच हवा, असे कोठे होते?

समोर काकूच उभ्या होत्या. अज्जीची बोटे मात्र आत वळलेली होती.

“राहू दे की बोट तसंच, अज्जी!” शहाळीवाला ओरडला. “दर मोळाला चार कळ्या वाचतील!”

अज्जीचे तोंड वाकडे झाले होते, शब्द जड येत होते, पण आले. “तुझ्या शहाळ्यात... पाणी किती... सांगू का सगळ्यांना?”

चौक हसला. तिने डाव्या हाताने मधले बोट धरून सरळ केले आणि माळ त्याच्या टोकाला पोहोचेपर्यंत तसेच धरून ठेवले.

काकू म्हणाल्या, “दोन मोळ दे.”

अज्जीचा सरगूरचा धाकटा मुलगा त्याच दिवशी तिला न्यायला आला होता. गुलमोहराखाली थोडा वेळ उभा राहिला, एक शहाळे प्याला, आणि संध्याकाळच्या बसने एकटाच परत गेला.

हल्ली मल्लिगे आणायला मीच जातो. गर्दी असते, थांबावे लागते. परवा माझी पाळी आली तेव्हा अज्जी दमलेली होती; बोट सरळ करी आणि ते पुन्हा मिटे. सुनेचे दोन्ही हात माळेत गुंतलेले.

“नुसते बघता काय, सार?” अज्जी म्हणाली. “धरा की.”

मी पिशवी खाली ठेवली आणि ते बोट धरले.