पंक आणि आबांचा डफ

“इथून मढं निघालंय का?” संगीताच्या सरांनी विचारलं. मागं उभी असलेली पोरं खिदळली.

देवपुरातल्या कॉलेजचं गॅदरिंग. मी गाणार होतो, आबा म्हणजे माझे वडील डफ वाजवणार होते. त्यासाठी ते पाचोऱ्याहून एसटीनं आलेले. चामडं तापवल्याशिवाय डफ बोलत नाही, म्हणून रंगमंचामागं त्यांनी चार कागद पेटवले. एवढाच गुन्हा.

“हे मढ्यापुढचं डफडं इथं चालणार नाही,” सर म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “हा तुझा कोण?”

“गावातला आहे,” मी म्हणालो.

आबांनी ऐकलं. सरांपुढं हात जोडले. “चुकनं, साहेब.” पायानं जाळ विझवला, डफ काखेत मारला आणि गेले. त्यांची ती पाठ मला अजून दिसते. जेवताना दिसते. पोराचं तोंड धुताना दिसते.

पुढं वरणगावच्या एका मित्रानं होस्टेलच्या खोलीत, भर दुपारी, टेपवर एक कॅसेट ऐकवली. गिटारचे जेमतेम तीन सूर, ड्रम नुसता बडवलेला, गाणारा बोंबलतोय. शब्द एक कळेना. राग मात्र सगळा कळला.

“याला पंक म्हणतात,” मित्र म्हणाला. “पंक म्हणजे टाकाऊ, उडाणटप्पू. लोकांनी शिवी घातली, यांनी तीच नाव म्हणून लावली. धड वाजवता येत नाही, तरी वाजवतात. कुणाला विचारत नाहीत.”

मला आधी चीडच आली. ही गोरी पोरं केस रंगवून टाकाऊ झालेली. आम्हाला रंगाचा खर्च नव्हता, आम्ही जन्मताच होतो. पण ‘कुणाला विचारत नाहीत’ हे डोक्यात घुसलं ते निघेना. मी तर एका प्रश्नात बाप टाकून दिला होता.

पुढच्या वर्षी गॅदरिंगसाठी आबांना न्यायला गेलो. त्यांनी डफ माझ्या हातात दिला. “तूच वाजाड. माले नको.” माझ्याकडं पाहिलं नाही.

एकटाच मंचावर चढलो. यादीत नाव नव्हतं. माईकवर म्हणालो, “मागल्या वर्षी इथून ज्याला हाकललं, तो मना बाप शे. माझा बाप.” सरांनी माईक बंद करवला. मी वाजवत राहिलो. बेसूर, बेताल, बोटं सोलपटेपर्यंत. टाळी एकही नाही.

आबांनी मरेपर्यंत तो विषय काढला नाही. माफ केलं की नाही, मला माहीत नाही. आता विचारायला कुणी नाही.

एकदा मी बाप नाकारलाय. यापुढं तुमचा मंच नाकारीन, तुमचा सूर, तुमची शाबासकी नाकारीन. त्याला नाही.