डाव्या हातातला कॅमेरा

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी विरारला बँकेत, काउंटरवर होते. फोन अण्णांचा होता, माझ्या मोठ्या दिरांचा. कामाच्या वेळी ते कधीच फोन करत नाहीत, त्यामुळे नाव दिसलं तशी मी जागेवरून उठलेच. "मंजू, सुलभा दुपारची आडवी झाली, ती उठलीच नाही गं..." एवढंच बोलले. त्या दिवशी सकाळी मी घरातून निघाले तेव्हा ताई अंगणात तगरीपाशी उभ्या होत्या. "डबा घेतलास ना?" त्यांनी विचारलं, मी मान हलवली आणि स्कूटर काढली. आमचं शेवटचं बोलणं ते. आधी वाटलं, काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. आता वाटतं, आम्हां दोघी जावांचं नातं डब्याच्या चौकशीवरच उभं होतं आणि ते चांगलं भक्कम होतं.

त्यानंतर निर्मळच्या आमच्या घरी भेटायला येणारी माणसं एकच वाक्य बोलत राहिली. "फार सोसलं हो बाईंनी." पक्षाघातानंतर सहा-सात वर्षं त्या उजवा हात गळ्यात अडकवून वावरत होत्या, हे सगळ्यांनी पाहिलेलं. लोकांचं म्हणणं खोटं नाही, पण ते अपुरं आहे. माझ्या जाऊबाईंनी नुसतं सोसलं नाही. ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

ताई शाळेत चित्रकला शिकवायच्या. केळीची वाडी, फुलांची वाडी, येणारे-जाणारे, सणवार हे सगळं सांभाळून त्यांनी नोकरी पुरी केली, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी पहिली गोष्ट घेतली ती कॅमेरा. चांगला मोठा, लेन्सा बदलता येणारा. एक लेन्स जवळची, एक लांबची, आणि एक फुलांवरच्या किड्यांसाठी. जुन्या गोधडीच्या कापडाची त्यांनी तिन्ही लेन्सांना झबली शिवली होती. पावसाळा सरला की आम्ही दोघी रविवारी पहाटे गासकडच्या शेतांत जायचो. बांधावर त्या तासन्‌तास बसायच्या. पाण्यात उभे असलेले शेकाटे, लांब लाल पायांचे पक्षी, टिपायचे म्हणजे श्वास धरावा लागतो म्हणायच्या. मी थर्मासमधला चहा ओतायची आणि डास मारायची. फोटोग्राफीतला माझा वाटा एवढाच.

मग तो झटका आला. बोलणं महिन्या-दोन महिन्यांत सुधारलं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र आला नाही. ज्या हाताने हजारो पोरांच्या चित्रांवर रेघ दुरुस्त केली तोच हात... ताई डाव्या हाताने जेवायला शिकल्या, सही शिकल्या. कॅमेरा कपाटात होता. त्याबद्दल आम्ही कोणी बोलत नव्हतो. एकदा पुण्याहून निनाद, त्यांचा मुलगा, फोनवर म्हणाला, "आई, ते धूड आता कशाला? फोनवर काढ ना फोटो, नाहीतर एखादा छोटा ऑटोमॅटिक घे. बटण दाबलं की झालं." ताई शांतपणे म्हणाल्या, "बटण दाबलं की झालं असतं, तर तुझे लहानपणचे फोटो चांगले आले असते." निनाद हसला. ताई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कपाट उघडायला लावलं.

मोठा कॅमेराच वापरायचा हे त्यांनी ठरवलं होतं. मी ट्रायपॉड लावायची, लांब वायरचं बटण त्यांच्या डाव्या हातात द्यायची. लेन्स बदलायची झाली तर त्या कॅमेरा गुडघ्यांत धरायच्या आणि एका हाताने फिरवून काढायच्या. मला हात लावू द्यायच्या नाहीत. गासच्या बांधावर एकदा असंच चाललं होतं. लांबची लेन्स निघाली, बोटांतून सुटली, बांधावरून घरंगळली आणि शेतातल्या पाण्यात गेली. मी चिखलात उतरून ती काढली. आतून पाणी ठिबकत होतं. ताई एवढंच म्हणाल्या, "चहा आहे का गं?" चहा पिताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि मी पाहत नाही याचं त्यांना बरं वाटलं असावं.

त्यानंतर आम्ही विरारला कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. त्याने दोन कॅमेरे काढून ठेवले. एक सुट्या लेन्सचाच, पण नव्या घडणीचा, ताईंच्या जुन्यापेक्षा हलका. दुसरा खिशात मावेल असा कॉम्पॅक्ट, लेन्स त्यातच बसवलेली. माझं मत पहिल्याकडे. एकच लेन्स कायम लावून ठेवायची, बदलायचा प्रश्नच नाही, आणि फोटो ताईंच्या सवयीचा, खोली असलेला येईल. मी हे सगळं मोबाइलवर वाचून गेले होते. ताईंनी तो उचलला. पण चाप, म्हणजे दाबायचं बटण, उजवीकडे. डाव्या हाताने धरायचं आणि डावंच बोट तिथवर न्यायचं, ते काही पोचेना.

"डावखुऱ्यांसाठी काही नाही?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना बटण उजवीकडेच असतं, मॅडम," दुकानदार ओशाळून म्हणाला. जणू त्यानेच तसं बनवलं होतं.

ताईंनी छोटा कॅमेरा हातात घेतला, इकडून तिकडून पाहिला. मग काय वाटलं कोण जाणे, तो चक्क उलटा केला. खालची बाजू वर, वरची खाली. आता चाप खाली डाव्या बाजूला आला, बरोबर त्यांच्या अंगठ्याखाली. त्यांनी दुकानदाराचा फोटो काढला. तो उलटा आला.

"उलटा आला," मी म्हणाले.

"फोटो सरळ करता येतो, मंजू. हात नाही करता येत."

मी तरी सोडलं नाही. म्हटलं, मग मोठाही उलटा धरून बघा की. त्यांनी धरून पाहिला. लेन्सच्या वजनाने मनगट थरथरायला लागलं. त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि आम्ही काहीच न घेता घरी आलो. दोन-तीन दिवस त्या विचारात होत्या. मी भाजी निवडत बसले होते तेव्हा त्या येऊन समोर बसल्या. "छोटा घेते," म्हणाल्या. "त्यात लांबचा पक्षी येणार नाही. माणसामागचं धूसर होणार नाही, अंधारातल्या फोटोत दाणे दिसतील. सगळं माहीत आहे मला. पण मोठा घेतला तर ट्रायपॉडला तू लागणार. तू सुट्टी कधी घेशील त्यावर माझा उजेड ठरणार. फोटो निम्मा तुझा होणार. छोट्यात बरा येवो, वाईट येवो, माझा असेल." क्षणभर मला लागलं ते. रविवारची ती पहाट मलाही हवी होती. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, उद्याच जाऊ.

काढलेला फोटो बघायला कॅमेरा सरळ केला की पडद्यावर सगळं उलटं दिसायचं. आकाश खाली, माणूस डोक्यावर उभा. मी विचारलं, फोटो कसा आलाय ते तुम्हांला कळतं कसं? तर म्हणाल्या, "शाळेत मी पोरांना चित्र उलटं ठेवून काढायला लावायचे. सरळ ठेवलं की पोरं नाक काढतात, डोळा काढतात. उलटं ठेवलं की जे दिसतं ते काढतात. आता माझा नंबर." रात्री जेवणं झाल्यावर त्या संगणकाशी बसून दिवसभराचे फोटो एकेक करून सरळ करायच्या. हे काम त्यांनी दुसऱ्या कोणालाही करू दिलं नाही.

आणि मग त्या सुटल्याच. कॅमेऱ्याची दोरी मनगटात अडकवायची, त्याच हातात काठी धरायची, ओळखीच्या रिक्षावाल्याला बोलवायचं आणि निघायचं. पक्षी लांब राहिले, म्हणून माणसं जवळ आली. मोठ्या कॅमेऱ्यासमोर बायका पदर सावरून ताठ व्हायच्या. हा मुठीतला कॅमेरा, तोही उलटा धरलेला, बघून कोणी बिचकायचंच नाही. उलट कीव करून मदतीला यायच्या. गासला भाताची रोपं लावणारी एक आजी लांबून ओरडली होती, "बाय, उलटा धरलास तो. पानी जाईल त्यात." ताई म्हणाल्या, "उलटाच बरा चालतो, माझ्यासारखा." आजी कमरेवर हात ठेवून मनापासून हसली. तोच क्षण फोटोत आला. चिखल कोपरापर्यंत, तोंडात दात नाहीत, आणि मागे सगळं शेत लख्ख. मागचं धूसर झालं असतं तर ते शेत गेलं असतं.

हा फोटो शाळेतल्या प्रदर्शनात सर्वांत पुढे होता. ताईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ते चित्रकलेच्याच वर्गात भरवलं होतं. पहाटे कळ्या खुडणाऱ्या बायका, केळीचे घड सायकलला बांधणारे बाप्ये, विरारच्या गच्चीवर पापड राखत बसलेली नवी सून... निनाद पुण्याहून आला होता. गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला एक हौशी गृहस्थ बराच वेळ आजीच्या फोटोसमोर उभा होता. मग ताईंकडे येऊन अदबीने म्हणाला, "मॅडम, लेन्स कोणती?"

"कॅमेऱ्यालाच लावलेली आहे ती."

"आणि कॅमेऱ्याची बॉडी?"

"ही," ताई स्वतःकडे बोट दाखवून म्हणाल्या. "अडुसष्ट वर्षांची. अर्धीच चालते."

त्याने आधी ताईंच्या हातातल्या काठीकडे पाहिलं, मग मनगटाला लटकणाऱ्या कॅमेऱ्याकडे, आणि दोन्ही हात जोडले. निनाद बाजूलाच होता. तो वर्गाच्या बाहेर जाऊन उभा राहिला. मी मागोमाग गेले, तर डोळे पुसत म्हणाला, "काकू, मी तिला फोनवर काढ म्हणालो होतो..." मी म्हटलं, "तू म्हणालास म्हणून तर त्यांनी कपाट उघडलं." त्या संध्याकाळी घरी येताना रिक्षात ताई पेंगत होत्या. आयुष्यात पुष्कळ माणसांचे सत्कार पाहिले मी. बँकेत तर दर वर्षी असतात. पण इतका अभिमान मला माझ्या रक्ताच्या माणसाचाही कधी वाटला नव्हता.

आता घरात आम्ही तिघं आहोत. अण्णा, माझे यजमान आणि मी. ताईंच्या आजारपणात आम्ही स्वयंपाकघर फिरवून घेतलं होतं. शेगडीच्या डावीकडे मिठाचा डबा, डावीकडे पळ्या, चहा-साखर, गाळणं, कपाटाच्या कड्याही डावीकडून. परवा माझी बहीण राहायला आली होती. चहा करताना ती दर वेळी उजवीकडे हात न्यायची आणि चडफडायची. शेवटी तिने सगळे डबे उचलून उजवीकडे नीट मांडून ठेवले आणि मला म्हणाली, "आता कशाला ही उलटी मांडणी?" दुपारी पाणी प्यायला आत गेले तर अण्णा ओट्यापाशी उभे होते. एकेक डबा उचलून परत डावीकडे ठेवत होते. मी मिठाचा डबा त्यांच्या हातात दिला.