लाइन आली

इंग्रजीतल्या ‘लाइन’ या शब्दाला आमच्या हिंगणीकडे जितकं राबावं लागतं, तितकं सालदारालाही लागत नाही. वर्ध्यात तो रेल्वेचा रूळ असतो, दवाखान्यात रांग असतो आणि शेतात पेरणीचा तास. कॉलेजात आमचे गणिताचे सर सांगायचे, लाइन म्हणजे दोन्हीकडे जिचा शेवट नाही अशी सरळ रेघ. मागच्या बाकावरची पोरं पोरींवर मारायची तीही लाइनच, आणि तिलाही शेवट नव्हता. लग्नाच्या बोलण्यात आत्या विचारणार, “पोरगा कोणत्या लाइनले हाये?” म्हणजे कामधंदा काय करतो.

पण या सगळ्या लाइनी आमच्या घरात किरकोळ. आमच्याकडे लाइन एकच, ती म्हणजे मोटरीची वीज. ती एक आठवडा दिवसा येते आणि एक आठवडा रात्री. घरामागेच आमची भाजीपाल्याची वाडी. विहिरीजवळच्या पेटीवरचा लाल दिवा लागला की आई अंगणातून ओरडायची, “लाइन आली!” आणि बाबा असतील तिथून उठायचे. मला शाळेत बक्षीस मिळालं, ते मी दाखवत होते तर बाबा उठले. मामा वर्षाने भेटायला आले, बाबा उठले. माझा ताप उतरत नव्हता तेव्हा कपाळावरची पट्टी आईच्या हातात देऊन उठले. मला त्या लाल दिव्याचा मनापासून राग होता. सवतीचा असतो तसा.

म्हणून आमच्याकडे पाहुणे बोलवायचे तर पंचांग नंतर, आधी लाइनची पाळी पाहायची. मला पाहायला सेलूकडचे लोक येणार होते. तीन स्थळं मी आधीच परतवली होती आणि आत्याने सांगून ठेवलं होतं, “हे बी परतवलं तं मले बोलावजो नोको.” बाबांनी पाळी मोजून दुपार ठरवली. “रात्रपाळीचा हप्ता हाये, आरामात बसू,” म्हणाले. आठवडा मोजताना ते चुकले.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. तेही भाजीपाला लावणारेच, मुलगा मात्र वर्ध्यात एका ऑफिसात. पोहे झाले. मी चहा घेऊन आले. काकांनी घसा साफ केला, आता ते मला स्वयंपाकाचं विचारणार, तेवढ्यात मागून आई ओरडली. सवयीनेच ओरडली बिचारी, पाहुणे आहेत हे ओरडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

बाबा अर्धे उठले, पुन्हा बसले. वाफ्यात नुकताच सांबार पेरलेला, म्हणजे तुमची कोथिंबीर. तार तुटल्यामुळे आधीची पाळी कोरडी गेली होती. आजचं पाणी चुकलं असतं तर वाफा गेलाच. शिवाय आमचा पंप नुसता बटण दाबून चालत नव्हता. विहिरीतली झडप गळायची, त्यामुळे दर वेळी आधी पंपात बादलीने पाणी ओतावं लागे. त्या झडपेला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. का म्हणतात ते विचारू नका, आम्हीही विचारलं नाही.

बाबांची ती चुळबूळ मुलाच्या वडिलांनी ओळखली. “फुटबॉल गयते का जी?”

“गयते ना!” बाबांचा चेहरा उजळला. “तुमचा बी?”

झालं. दोघे व्याही व्हायच्या आधीच खांद्याला खांदा लावून विहिरीकडे निघाले. काका बादली घेऊन मागे. आई त्यांना थांबवायला गेली, आणि मुलाची आई वाफे पाहायला. आत्या कपाळाला हात लावून दारात उभी राहिली. बैठकीत उरलो आम्ही दोघे.

तो चहा पीत शांत बसला होता. घाई नाही, चुळबूळ नाही. मला वाटलं, ऑफिसवाला आहे, चिखलाची लाज वाटत असेल. मी जरा तिखटपणेच विचारलं, “तुम्ही नाही गेले?”

“मी काऊन जाऊ?” तो म्हणाला. “मी तुमाले पाहाले आलो, पंप पाहाले नाई.”

लाइन आल्यावर न उठलेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. मी त्याला आणखी एक कप चहा दिला. आत्याने दारातून एवढंच पाहिलं आणि देवघराकडे पळाली.

बाबा गुडघ्यापर्यंत भिजून परतले तेव्हा आत्या पेढे वाटत होती. “माह्याबिगर ठरवलं?” ते खरंच दुखावले होते.

“लाइन आली होती ना, बाबा,” मी म्हणाले. फार गोड आवाजात.

लग्न अंगणातच झालं. या वेळी बाबांनी पाळी चार जणांकडून मोजून घेतली. पण आदल्या रात्री वारं सुटून पुन्हा तार तुटली आणि रात्रीची लाइन आम्हाला बदल्यात दिवसा मिळाली. कन्यादान चालू होतं. बाबा तांब्याने आमच्या हातांवर पाणी सोडत होते आणि तेवढ्यात आजूबाजूच्या शेतांतले पंप घुर्र करून सुरू झाले. मांडवातले दोन-तीन शेजारी हळूच सटकले. बाबांच्या हातातली धार हलली. आई त्यांच्याकडे बघत राहिली. नवरदेव माझ्या कानाशी पुटपुटला, “मी जाऊन चालू करून येऊ का?”

“बसा,” मी म्हणाले.

बाबांनी एकदा वाडीकडे पाहिलं. तिथे कोवळी मेथी पाण्याची वाट पाहत होती. मग त्यांनी मान खाली घातली आणि तांब्यातलं पाणी संपेपर्यंत आमच्या हातांवर सोडत राहिले. ते उठले नाहीत.