हवाताईचा उलटा बाजार

चौकातल्या पंक्चरच्या दुकानाची मालकीण म्हणजे हवाताई. तिचं खरं नाव आठवायला तिच्या नवऱ्यालाही जरा वेळ लागायचा. सायकल, स्कूटर, हातगाडी, चाक कुणाचंही असो, ती त्यात हवा भरायची. फुशारक्या मारत उभ्या राहणाऱ्याची काढूनही घ्यायची, आणि तेवढ्यासाठी चौकातली रिकामटेकडी मंडळी तिच्या दुकानासमोर घुटमळायची.

आठवडाभर तिचे हात कोपरापर्यंत काळे. रविवारी सकाळी मात्र ती ते घासून घासून लाल करायची, केस विंचरायची आणि पिशवी घेऊन बस डेपोच्या मागच्या मैदानात बाजाराला जायची. पिशवी तिने स्वतः शिवलेली. ट्रकच्या ताडपत्रीचं पोट आणि जुन्या ट्यूबचे बंद, त्यामुळे कितीही भरा, खांदा कापत नसे. लोक बाजाराला जातात तशी ती जात नसे. ती आखाड्यात उतरल्यासारखी उतरायची. टोमॅटोवाल्यासमोर उभी राहून ती नुसती हसायची, आणि ते हसू बघून बिचारा आपला भाव आपणच खाली आणायचा. कांदेवाली आजी तिच्याशी इतकं कडाकडा भांडायची की नवख्या माणसाला वाटावं आता वजनाचं माप डोक्यात बसणार. मग दोघी एकाच कपातला चहा अर्धा अर्धा प्यायच्या. बाजार म्हणजे बायकांचा विरंगुळा, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. त्या माणसाने एकदा हवाताईच्या मागून चालून बघावं, तासाभरात फुटपाथवर बसकण मारील.

दोष तिच्यात एकच होता. ती गरजेपुरतं घ्यायची नाही, जिंकण्यापुरतं घ्यायची. समोरच्याने भाव पाडला की हिचा हात सुटला. त्यामुळे घरात फडताळ गच्च, फ्रिज गच्च आणि ओट्याखाली काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

एका शनिवारी संध्याकाळी तिची नणंद आली. वयाने मोठी, एका वसतिगृहाची खानावळ चालवणारी. शिस्त एवढी की तिच्या खानावळीतली वाटाणे-मोहरीही रांगेत उभी राहत असावी. आणलेलं दूध ठेवायला म्हणून तिने फ्रिज उघडला, आत हात घातला आणि एक काकडी बाहेर काढली. काकडी दोन्ही बाजूंनी वाकली.

"अगं, ही काकडी आहे की तुझ्या दुकानातली ट्यूब?"

हवाताईचा नवरा इमारतींमध्ये वायरिंगची कामं करायचा, म्हणून सगळे त्याला वायरमन म्हणत. तो हसला. हसायला नको होतं.

"वन्सं, माझ्या घरात काही वाया जात नाही," हवाताई म्हणाली.

"जात नाही, तेच तर म्हणतेय. इथेच ठाण मांडून बसतं." नणंदेने फडताळ उघडलं. अर्धवट डाळी, तळाशी उरलेली मॅकरोनी, वायरमनचं पोट कमी करायला आणलेले आणि त्याला कधीच न दाखवलेले ओट्स, सगळ्या पुड्यांना ट्यूबच्या रबराची कडी. "उद्यापासून बाजार माझा भाऊ करेल. तू चाकं सांभाळ."

वायरमनचं हसू तिथेच विरलं. लग्नानंतर तो एकदाच एकटा बाजारात गेला होता आणि पोतंभर कच्च्या पपया घेऊन आला होता. का, तर विकणाऱ्याचा चेहरा उतरला होता. लेकीने तर हात जोडले. "आत्या, हवं तर मला उपाशी ठेव, पण बाबांना पाठवू नकोस."

पण हवाताईच्या नाकावरचा राग एव्हाना भुवईपर्यंत चढला होता. तिचा रविवार कुणीतरी काढून घेत होतं. "ठरलं तर मग," ती म्हणाली. "या आठवड्यात मी एक काडीसुद्धा घरात आणत नाही. जे आहे त्याच्यावर घर चालेल. पुढच्या रविवारी या आणि बघा. जुनं काही सापडलं किंवा नवीन काही दिसलं, तर ही पिशवी तुमच्या भावाची. नाही सापडलं, तर माझ्या बाजाराबद्दल पुन्हा तोंडातून शब्द काढायचा नाही."

"बघते ना," म्हणत नणंद गेली.

रविवार तिने दात-ओठ खात काढला. डेपोच्या बाजूने आरोळ्या ऐकू यायच्या आणि हिचे पाय आपोआप दाराकडे वळायचे. लेकीने शेवटी दाराला कडी घातली.

सोमवारी तिने सगळ्या डाळी एकाच पातेल्यात लोटल्या. मसूर विरघळून गेली, चवळी जेमतेम शिजली, हरभरे मात्र अटकेतल्या पुढाऱ्यासारखे ताठ राहिले.

"आई, हे सूप आहे की बांधकाम?" लेकीने चमचा उभा करून दाखवला. तो उभा राहिला.

"चावून खा. दात घासायला नकोत."

मंगळवारी तिने अंडी दुकानातल्या पाण्याच्या टबात सोडली, जिथे ट्यूब बुडवून ती बुडबुडे शोधायची. जी तरंगली ती गेली, जी तळाला बसली ती घरी आली. कालचं बांधकाम, ओट्स, वाकलेल्या काकडीचा कीस आणि अंडी कालवून तिने तव्यावर चकत्या भाजल्या. त्या अशा काही खमंग झाल्या की वायरमनने तवा पुसून खाल्ला आणि ओट्स कशाला म्हणतात ते त्याला तेव्हाही कळलं नाही. हवाताईला आता नशाच चढली. ती पंक्चर काढता काढता गाणी म्हणू लागली. गिऱ्हाईकाला सांगू लागली, "घरी शिळा भात आहे का? टाकू नकोस, दुपारी येऊन विचार." लेक प्रत्येक पदार्थाचं बारसं करायची. 'चुकून झालेलं', 'विचारू नका', 'बाबा आधी'. फडताळातली एकेक फळी मोकळी व्हायची आणि तिघं तिच्यासमोर उभी राहून टाळ्या वाजवायची.

आणि मंगळवारीच संध्याकाळी दार वाजलं. शेजारीण पिशवीभर कांदे घेऊन उभी.

"कांदेवाल्या आजीने दिलेत. रविवारी दिसली नाहीस ना तू. म्हणाली, अडचण कुणाला येत नाही, पोरीला सांग लाजू नकोस."

"कसली अडचण?"

"ते मला काय माहीत. बाजारात तर काय काय बोलतायत."

काय काय ते बुधवारी सकाळी कळलं. हवाताई कधी बाजार चुकवत नसे, म्हणजे नक्की काहीतरी मोठं झालं असणार, असं बाजाराने आपापसात ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणे दुकान गेलं, कुणी म्हणे ताई अंथरुणाला खिळली. टोमॅटोवाल्याने टोमॅटो आणि लसूण पाठवला. भोपळेवाला दुकानाच्या स्टुलावर भोपळा ठेवून गेला. दुधीवाल्याने तर न ओळखता दुधी थेट वायरमनच्याच हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताईंना द्या. म्हणावं, नवरा पळाला म्हणून काय झालं, आम्ही आहोत."

वायरमन दुधी छातीशी धरून घरी आला. "अगं, मी पळालोय."

हवाताईला हसावं की कुणाचं डोकं फोडावं ते कळेना. घरात नवीन आलं, म्हणजे पैज गेली. आणि ठेवून घ्यावं, तर आपण खरंच हात पसरलेत असं गावभर होणार. तिने सगळा माल ताडपत्रीच्या पिशवीत कोंबला, भोपळा नवऱ्याच्या खांद्यावर दिला आणि बुधवारच्या छोट्या बाजारात जाऊन थडकली.

"आजी, कांदे परत घ्या."

"दिलेलं मी परत घेत नाही."

"मग अर्धे घ्या."

"दोन घेते. तुझं मन राखायला."

"दोन? मी काय आज पहिल्यांदा बाजार बघतेय? सगळे घ्या आणि वर हा लसूण ठेवा."

"लसूण माझा नव्हताच."

"नसू दे. दाबून बघा, कसा कडक आहे. असा कुणी देणार नाही तुम्हाला."

लोक जमले. आजीने पाव पिशवी कबूल केली, हवाताई पाऊणवर अडून बसली. आजी म्हणाली, "जा, दुसरीकडे बघ." हवाताई पिशवी उचलून ताडताड निघाली, चार पावलांवर गेली आणि नेहमीप्रमाणे मागून हाक आली, "बरं, ये. घालून टाक सगळे. पण लसूण नाही." बघे खदखदून हसले. आजी हरली होती आणि तिला आपण काय हरलो ते नीटसं समजत नव्हतं.

टोमॅटोवाला हसू बघूनच शरण आला आणि लसणासकट सगळं त्याने गुपचूप टोपलीत ओतून घेतलं. दुधीवाल्यापुढे तिने पळालेला नवरा सदेह उभा केला, तेव्हा त्याने खाली मान घालून दुधी घेतला. भोपळेवाला मात्र हटेना. "ताई, भोपळा घरात गेला की परत येत नाही."

"तुझ्या गाडीचं चाक बसलंय."

"हो, ते जरा..."

"हवा भरून देते, भोपळा घे."

त्याने गाडीकडे बघितलं, भोपळ्याकडे बघितलं. "दोन्ही चाकं," तो म्हणाला. सौदा झाला.

पुढच्या रविवारी सकाळी नणंद आली. चप्पल काढायच्या आधीच तिने फडताळ उघडलं. फळ्या पुसलेल्या. फ्रिजमध्ये पाण्याची बाटली. ओट्याखाली वाकून बघितलं तर आपलीच सावली. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"छान. आणि बुधवारी बाजारात काय करत होतीस? माझ्या खानावळीच्या आचाऱ्याने पाहिलं. पिशवी फुगलेली होती."

"परत करायला गेले होते."

"काय?"

"भाजी."

"बाजारात जाऊन भाजी परत कोण करतं?"

"ताई, खरंच," वायरमन मध्ये पडला, "भोपळा माझ्या खांद्यावर होता."

"तू बोलू नकोस."

हवाताईने खुंटीवरची पिशवी ओढून खांद्याला लावली. राग होता, पण त्याखाली भीतीही होती. एवढं सगळं करून पिशवी जाणार होती. "चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "मला खोटं ठरवायचं असेल तर त्यांच्यासमोर ठरवा."

चौघंही मैदानात शिरले आणि बाजाराने एकच गलका केला. सगळे एकदम साक्ष द्यायला लागले. टोमॅटोवाला म्हणाला, तिने माझाच लसूण मला चिकटवला. भोपळेवाल्याने चाकं दाबून दाखवली. कांदेवाली आजी तर फिर्याद घेऊनच उभी होती. "उलट्या भावात लुटलं मला या बाईने. आणि तुम्ही कोण? नणंद? तुम्हाला येतो का भाव करता?"

नणंदेच्या खानावळीत माल टेम्पोने यायचा. भाव करायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. "न यायला काय झालं?" ती फणकारली, खाली वाकली आणि कांद्याला हात घातला. पहिला आकडा तिने इतका खाली सांगितला की आजी दचकली. मग आजीने वर नेला, हिने खाली ओढला. दोघींचे आवाज चढले, पोराटोरांनी कडं केलं, आणि शेवटी आजी "घ्या बाई, घ्या" म्हणाली, तेव्हा नणंदेचे डोळे असे चमकले की वायरमन एक पाऊल मागे सरला. ती चमक त्याच्या ओळखीची होती.

कांदे झाले, टोमॅटो झाले. फ्लॉवर काखेत, मेथीची जुडी हनुवटीखाली. नणंदेला आता समोरचं दिसेना.

"अगं, पिशवी दे जरा."

हवाताईने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "कुणाची पिशवी, वन्सं?"

"तुझी गं बाई, तुझीच."

"आजींना ऐकू नाही आलं."

"बाजार हिचा," नणंद मेथीच्या आडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्या भावाला इथे पाय ठेवू देऊ नका. आता उघड तर, फ्लॉवर पडतोय."

हवाताईने पिशवीचं तोंड पसरलं. माल आत पडतो न पडतो तोच नणंद वाटाणेवाल्याच्या ढिगाकडे सुटली होती आणि हवाताई तिच्यामागे धावत ओरडत होती, "वन्सं, थांबा, आधी तोंड पाडा, हसू नका, तुम्ही हसलात की तो भाव वाढवतो."