चुन्याखालच्या रेघा

आमचे साहेब वारले त्या दिवशीसुद्धा माझा त्यांच्यावरचा राग उतरला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

भिलाईच्या त्या सरकारी कार्यालयात मी हंगामी ड्राफ्ट्समन होतो. साहेब अमरावतीकडचे, आम्हीही तिकडचेच. माझे बाबा रेल्वेत गार्ड, आमचं क्वार्टर भिलाई-३ ला. 'आपल्याकडचा पोरगा' म्हणून साहेबांनी मला चिकटवलं होतं आणि हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचेच.

रसमड्याच्या पुढे शिवनाथ नदीच्या काठाला केवटांची वस्ती होती. नावा, जाळी आणि मातीची घरं. पाऊस पूर्वीसारखा राहिला नव्हता. श्रावणभर पडायचं ते पाणी दोन दिवसांत ओतून मोकळं व्हायचं आणि नदी घरात शिरायची. म्हणून वस्ती हलवायची योजना आमच्याकडे आली. साहेबांनी जागा ठरवली ती टेबलावरच, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी. वस्तीतल्या महादेवाच्या देवळालगतचं सपाट मैदान.

मी मोजणीला गेलो तेव्हा देवळाच्या भिंतीवर गेरूच्या आडव्या रेघा होत्या. पूर ओसरला की वस्तीतली एक म्हातारी केवटीण पाणी पोचलं तिथं रेघ ओढायची. तिच्या सासूनंही ओढल्या होत्या. सगळ्यात वरची माझ्या छातीला लागत होती. हे मी वहीत लिहिलं नाही. गेरूच्या रेघा काय लिहायच्या, असं वाटलं. शिकलेला होतो ना!

मग भोपाळहून मोठे अधिकारी पाहणीला यायचे ठरले.

"देऊळ कसं कळकट दिसून राहिलं," साहेब म्हणाले. "चुना मारून घे."

"साहेब, त्यावर पुराच्या खुणा आहेत."

"मले शिकवू नको तू."

चुना मीच आणला आणि उभं राहून दोन हात मारून घेतले. म्हातारी लांबून बघत होती. तिनं शिव्या दिल्या, त्या मला समजल्या.

पाहणीच्या दिवशी देवळासमोर खुर्च्या मांडल्या. सगळ्यांदेखत म्हातारी उठली आणि म्हणाली, या मैदानात पाणी येतं, इथं घरं बांधली तर पडतील. साहेब हसले. पुरावा दाखव म्हणाले. पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे उभं राहून पुरावा मागायला निर्लज्जपणाच लागतो, आणि तो त्यांच्याकडे भरपूर होता. तिनं माझ्याकडे बोट केलं.

"ये बाबू ह देखे हे. ओला पूछ."

बाबूनं पाहिलंय, त्याला विचारा. अधिकाऱ्यांनी विचारलं. साहेब माझ्याकडे बघत होते. माझी नोकरी पक्की व्हायची होती.

"नीट आठवत नाही," मी म्हणालो.

म्हातारी खाली बसली.

घरं मैदानातच बांधली गेली. दुसऱ्याच पावसाळ्यात शिवनाथ आली. माणसं रेल्वेच्या भरावावर पळाली म्हणून वाचली, पण घरं बसली. म्हातारीचं तर सगळ्यात आधी. जाळी गेली, वर्षाचं धान कुजलं. साहेबांचं म्हणणं, या लोकांना बांधकामाची अक्कल नाही. चोराच्या उलट्या बोंबा! नुकसान बघायला स्वतः गेले नाहीत, मला पाठवलं.

म्हातारीनं मला लांबूनच ओळखलं. मनगट धरून देवळापाशी नेलं. आता कानाखाली बसणार असं वाटलं, आणि बसली असती तर बरं झालं असतं.

"इहां ठाढ़ हो," ती म्हणाली.

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. भिंतीवर चिखलाचा पट्टा उमटला होता. तिनं गेरूत बोट बुडवलं आणि त्या पट्ट्याच्या वरच्या कडेनं, माझ्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत रेघ ओढली. मधे माझा गळा होता. तिनं बोट उचललं नाही.

"अब दिखिस?"

दिसली, म्हणालो. तिनं हात पुसला आणि निघून गेली.

गळा मी नदीवर धुतला. पाठीकडे लक्षच गेलं नाही.

"पाठीले चुना कोठून लागला रे तुह्या?" घरी बाबांनी शर्ट झटकत विचारलं.

कामावर कुठंतरी टेकलो असेन, नीट आठवत नाही, असं मी त्यांनाही सांगितलं.