शब्द न कळणारी गाणी

"शब्द कळत नाहीत, म्हणून तर ऐकतो," असं म्हणत तो आधी कानातला इयरफोन काढायचा आणि मगच आपल्याकडे वळायचा.

टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागात तो आणि मी एकाच इमारतीत राहायचो आणि एकाच बँकेच्या प्रोजेक्टवर होतो. असा अबोल सहकारी तुम्हीही पाहिला असेल, मीटिंगमध्ये मान खाली घालून नुसतं "हाय, हाय", म्हणजे जपानीतलं "हो, हो", म्हणणारा. त्याच्या कानात मात्र नॉर्वेचा एक मेटल बँड गर्जत असायचा. पंकची घाई, ब्लॅक मेटलचं किंचाळणं आणि मधेच जुन्या रॉकची अशी गिटार, की पाय आपोआप हलावा. एकदा त्याने मला ऐकवलं. गायक गातोय की कुणी त्याचा गळा दाबतंय, तेच कळेना.

"नॉर्वेजियनमध्ये ओरडतो," तो खुशीत म्हणाला. "दिवसभर जपानी कळत नाही म्हणून बोलणी खातो. इथे कळलं नाही तरी कुणी रागवत नाही."

तो बँड टोकियोत आला. काम संपवून, इस्त्रीच्या शर्टातच हा कार्यक्रमाला गेला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला तो घसा बसवूनच. नेमका त्याच दिवशी क्लायंटसमोर डेमो. तोंड उघडलं, तर नुसती हवा. क्लायंटच्या जपानी साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा त्याने फळ्यावर बँडचं नाव लिहिलं. ते मनापासून हसले, त्याच्यासाठी गरम चहा मागवला. डेमो मी दिला.

हसले नाहीत ते आमचे मॅनेजर. पुण्याचेच, दर गणपतीत "परदेशात आपणच आपल्या माणसांना सांभाळायचं" असं भाषण करणारे.

"बायको-मुलगी आहे तुम्हाला. ही काय थेरं?" ते म्हणाले.

थोड्याच दिवसांत त्याला पुण्याला परत पाठवायचं ठरलं. ऑफिसात सांगितलं, घरगुती कारण.

"भांड ना त्यांच्याशी," मी म्हणालो.

"काय भांडू? इतकी वर्षं गप्प बसलो, ते कुणाला दिसलं नाही. एक संध्याकाळ ओरडलो, ती दिसली."

बायकोने बोलणं टाकलं. तिला इथे नुकत्याच मैत्रिणी मिळाल्या होत्या. मुलगी इथल्याच शाळेत शिकलेली. मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर द्यायची. "पुण्यात माझ्याशी कोण बोलणार?" हेही तिने जपानीतच विचारलं.

विमानतळाच्या बसपर्यंत सोडायला मी एकटाच गेलो होतो. बस सुटली तेव्हा काचेतून दिसलं, आत जवळपास सगळ्या जागा रिकाम्या होत्या आणि ते तिघं तीन वेगवेगळ्या रांगांत बसले होते.